सुट्या भागाचा रंग टाकीच्या रंगाशी जुळावा म्हणून

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

खंडेनवमीला वाहनांची पूजा होते, त्यामुळे भाद्रपद लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील गॅरेजांत व रंगकामाच्या शेडमध्ये मोटारसायकलींची गर्दी होऊ लागते. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांना नुसता नवा रंग नको असतो. मोडलेल्या साइड पॅनलच्या जागी नवे पॅनल, मूळ मडगार्डऐवजी आखूड मडगार्ड, सीटच्या मागे काऊल किंवा हेडलाइटभोवती छोटे फेअरिंग असा एखादा भाग घडवून हवा असतो, आणि तो कंपनीने दिलेल्या पेट्रोल टाकीच्या रंगातच हवा असतो. असे भाग पत्रा ठोकून अथवा फायबरमध्ये घडवणे हा माझा व्यवसाय आहे. घडणीच्या बाबतीत आपल्या भागाचा हात धरणारे थोडेच असतील, कारण उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील फाउंड्री आणि मशीन शॉप यांनी इथल्या कामगाराला मापात काम करण्याची शिस्त लावलेली आहे. मात्र तोच भाग रंगवून टाकीशेजारी बसवला की तो परका दिसतो. सांधा नीट बसलेला असतो, कडा सफाईदार असतात, तरीही गिऱ्हाइकाची नजर प्रथम रंगातल्या फरकावर जाते आणि सगळ्या कामाचे मोल उतरते. याविषयी रंगकाम करणाऱ्या माझ्या बांधवांशी, गाडीमालकांशी आणि वाहन कंपन्यांशी आपल्या वृत्तपत्रातून बोलावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे असे आहे की, रंगाचा मेळ प्रत्यक्ष भागावर नव्हे तर आधी नमुन्याच्या पत्रीवर, म्हणजे पत्र्याच्या तुकड्यावर, ठरला पाहिजे, ती पत्री सूत्रासह जपून ठेवली गेली पाहिजे, आणि हे काम आंधळेपणाने करावे लागू नये म्हणून कंपन्यांनी रंगाचा क्रमांक गाडीवरच छापला पाहिजे.

प्रथम क्रमांकाविषयी. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचा रकाना असतो, पण त्यात ‘काळा’ किंवा ‘लाल’ एवढेच लिहिलेले असले तर रंगाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो. माहितीपत्रकात छापलेली आकर्षक नावेही फारशी कामाची नसतात, कारण तेच नाव कायम ठेवून छटा थोडी बदललेली असणे अशक्य नाही. खरी ओळख पटते ती रंगाच्या सांकेतिक क्रमांकावरून. तो क्रमांक हाती असला तर दुरुस्तीचे रंग बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतून सूत्र मिळते, म्हणजे अमुक इतका रंग करण्यासाठी कोणता टिंटर (मिसळायचा मूळ रंग) किती ग्रॅम घ्यायचा हे कळते. मोटारगाड्यांमध्ये हा क्रमांक दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर देण्याची पद्धत जुनी आहे. काही मोटारसायकल कंपन्याही सीटखाली तशी चिकटपट्टी लावतात, तर काही कंपन्या रंगीत सुट्या भागाच्या क्रमांकाच्या शेवटी रंग ओळखण्यासाठी अक्षरे जोडतात. परंतु आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकांवर रंगाचा असा क्रमांक सापडत नाही, आणि विक्रेत्याच्या काउंटरवर विचारले तर तयार पॅनलच विकत घ्या असे उत्तर मिळते. मूळ पॅनल हवे असणाऱ्याला ते ठीक आहे. पण ज्याला वेगळ्या घडणीचा भाग हवा आहे, किंवा ज्याच्या गाडीचे भाग बाजारात मिळेनासे झाले आहेत, त्याने काय करावे?

क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले असे मात्र कोणी समजू नये. कारखान्यातही एका गाडीचे सगळे भाग एकाच भांड्यातून रंगवले जात नाहीत. पोलादी टाकीवरचा रंग साधारण १३० ते १५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्का केला जातो. तीच उष्णता एबीएस प्लास्टिकच्या साइड पॅनलला दिली तर ते वाकून जाईल, म्हणून प्लास्टिकसाठी वेगळा रंग घेऊन तो ८० अंशांच्या आसपास वाळवतात. पुष्कळदा हे भाग वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पुरवठादाराकडे रंगवले जातात. म्हणजे नव्या कोऱ्या गाडीवरसुद्धा टाकी आणि पॅनल यांच्यात बारीक फरक असू शकतो. याच कारणाने रंग कंपन्यांच्या सूत्रांमध्ये एकाच क्रमांकाचे दोन-तीन उपप्रकार दिलेले आढळतात, कुठे किंचित निळसर, कुठे किंचित पिवळट. त्यानंतर ऊन आपले काम करते. टाकी दिवसभर उन्हात असते, सीटखालचे पॅनल सावलीत असते. लाल आणि पिवळ्या रंगांतील काही रंगद्रव्ये उन्हाने लवकर फिकी पडतात. त्यामुळे चार-पाच वर्षे वापरलेल्या गाडीसाठी सूत्राबरहुकूम केलेला रंग बिनचूक असूनही चुकीचा ठरतो.

यावरून जो नियम निघतो तो साधा आहे, पण तो पाळला जात नाही. नवा भाग ज्या भागाच्या शेजारी बसणार आहे त्याच भागाशी, आणि तो भाग आज जसा आहे तशा रंगाशी, मेळ घालायचा असतो. त्याकरिता गिऱ्हाइकाने फोटो पाठवून भागत नाही. मोबाइलचा कॅमेरा प्रकाशानुसार रंग आपल्या मनाने बदलतो. टाकी किंवा निदान शेजारचे पॅनल काढून रंगाऱ्याकडे दिले पाहिजे. रंगाऱ्याने त्यावरचा थोडा भाग रबिंग कंपाउंडने घासून, धुऊन, वरचा मळकट थर काढून मगच तुलना केली पाहिजे, कारण मळलेल्या पृष्ठभागाशी जुळवलेला रंग गिऱ्हाइकाने घरी जाऊन टाकीला पॉलिश केल्याबरोबर वेगळा पडतो. संपूर्ण गाडी मूळ रूपात आणायची असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा टाकीवरच्या बिल्ल्याखाली किंवा सीटच्या कडेखाली, जिथे ऊन पोहोचलेले नसते, तिथला रंग प्रमाण मानावा.

जुन्या गाड्यांचे काम त्या मानाने सोपे असते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा आणि येझदी गाड्या निघाल्या, आणि त्यांतल्या कित्येक आजही आपल्या सीमाभागातील घरांत जपलेल्या आहेत. त्यांचा काळा किंवा मरून हा सपाट, म्हणजे चमकत्या चकत्या नसलेला, रंग आहे. सपाट रंग सगळ्या कोनांतून जवळपास सारखाच दिसतो, त्यामुळे सरावलेल्या डोळ्याचा रंगारी तो हाताने जुळवू शकतो. अट इतकीच की, त्याने ‘थोडा वेगळा वाटतो’ एवढ्यावर न थांबता नेमका प्रश्न विचारावा: नमुना टाकीपेक्षा फिका आहे की गडद, लालसर आहे की हिरवट, पिवळट आहे की निळसर, आणि शेवटी, स्वच्छ आहे की मळकट? प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने, ज्याला सीआयई म्हणतात त्याने, १९७६ मध्ये रंगाच्या मापनाची जी पद्धत ठरवून दिली तिचेही तीन अक्ष हेच आहेत: फिकट-गडद, लाल-हिरवा आणि पिवळा-निळा. दोन रंगांमधील अंतर त्या पद्धतीत डेल्टा-ई या एका आकड्याने सांगतात, आणि तो आकडा १ च्या आसपास आला की तयार डोळ्यालाही फरक जेमतेम जाणवतो. यंत्र जे आकड्यांत सांगते तेच आपला जाणता मिस्त्री शब्दांत सांगत असतो. फक्त त्याने ते क्रमाने सांगावे आणि लिहून ठेवावे.

खरी अडचण मेटॅलिक, पर्ल आणि कँडी रंगांची आहे, आणि आजच्या बऱ्याच गाड्या याच रंगांत येतात. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या अतिशय बारीक चकत्या असतात. समोरून पाहिले तर त्या आरशासारखा प्रकाश परतवतात आणि रंग उजळ दिसतो. कडेने तिरके पाहिले तर तोच रंग काळपट होतो. पर्लमध्ये अभ्रकाच्या चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि तो पाहण्याच्या कोनाप्रमाणे झाक बदलतो. कँडीमध्ये खाली रुपेरी किंवा सोनेरी थर, त्यावर पारदर्शक रंगाचे हात आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी चकाकीचा थर, असतो. पारदर्शक रंगाचा एक हात जास्त झाला की छटा लगेच खोल जाते. त्यामुळे असे रंग एकाच कोनातून जुळवून चालत नाही. ते मोजण्याचे यंत्रसुद्धा एका कोनातून पाहत नाही. १५, २५, ४५, ७५ आणि ११० अंश अशा अनेक कोनांतून ते परावर्तन मोजते. आपल्याकडे समोरून जुळलेला रंग ‘जुळला’ म्हणून फवारला जातो, आणि गाडी रस्त्यावर उभी राहिल्यावर कडेने पाहणाऱ्याला दोन भाग दोन रंगांचे दिसतात.

मेटॅलिक रंग फिका करण्यासाठी त्यात पांढरा टिंटर घालण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि ती सोडून द्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. पांढऱ्याने चकत्यांची चमक झाकली जाते आणि तिरके पाहिले असता रंग दुधाळ दिसतो. रंग उजळ करायचा असेल तर चकत्यांचे प्रमाण किंवा त्यांची जाडी बदलावी. एकूणच, मूळ सूत्रात जे टिंटर आहेत त्यांच्याच कमी-अधिक प्रमाणाने दुरुस्ती करावी; सूत्राबाहेरचा टिंटर आणला की एका प्रकाशात फरक मिटतो आणि दुसऱ्या प्रकाशात नवा उभा राहतो.

त्यातही फवारणीचा हात हा स्वतःच एक टिंटर असतो. डब्यातला रंग तोच, स्प्रे गन तीच, पण हात ओला मारला तर चकत्या खोल बसतात आणि रंग समोरून गडद दिसतो. हात कोरडा मारला तर चकत्या वर राहून आडव्या पडतात आणि रंग उजळतो. हवेचा दाब वाढवला, गन लांब धरली, लवकर उडणारा थिनर वापरला, तरी हात कोरडाच होतो. म्हणजे नमुना एका माणसाने काडीने पत्र्यावर लावून पाहिला आणि भाग दुसऱ्याने गनने मारला, तर जुळणीचा प्रश्नच उरत नाही. ती जुळणी झालेलीच नसते.

म्हणून नमुना-पत्रीचा आग्रह. हातभर लांबीचा पत्र्याचा तुकडा पुरेसा आहे. त्यावर भागाला जो प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लावणार तोच प्रायमर, त्याच छटेचा, लावावा, कारण पातळ झाकणाऱ्या रंगाखालून प्रायमरची राखाडी किंवा पांढरी छटा डोकावते. पत्रीच्या एका टोकाला काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी चिकटवावी. ती पट्टी दिसेनाशी होईपर्यंत किती हात लागले ते मोजावे आणि भागावर त्याहून कमी हात मारू नयेत. नंतर पत्रीवर क्लिअर मारावा, ती पूर्ण वाळू द्यावी, आणि मगच टाकीशेजारी धरावी. ओल्या रंगावरून निर्णय कधीही घेऊ नये, कारण वाळताना रंग बदलतो आणि क्लिअरखाली त्याला अधिक खोली येते. कँडी किंवा तीन थरांचा पर्ल असेल तर एकच नमुना पुरत नाही. मधल्या थराचा एक हात, दोन हात, तीन हात, चार हात अशा पट्ट्या एकाच पत्रीवर क्रमाने ठेवून, सगळ्यांवर क्लिअर मारून, टाकीशी जुळणारी पट्टी कोणती ते पाहावे लागते. या कामात अर्धा दिवस जातो हे मला मान्य आहे. परंतु भाग रंगवून, न जुळल्याने घासून, पुन्हा रंगवण्यात दोन दिवस जातात, आणि थरावर थर चढून कडा जाड होतात ते वेगळेच.

पत्रीच्या मागे काय लिहावे, तेही सांगतो: गाडी आणि तिचे साल, रंगाचा क्रमांक मिळाला असल्यास तो, ग्रॅममधले सूत्र, थिनर कोणता व किती, गनच्या नोझलचे माप, हवेचा दाब, किती हात मारले, आणि तारीख. पावसाळ्यात केलेली पत्री आणि उन्हाळ्यात केलेली पत्री यांत फरक पडतो, म्हणून तारखेला महत्त्व आहे. सूत्र वजनावरच करावे. चमच्याने किंवा अंदाजाने केलेला रंग दुसऱ्यांदा करता येत नाही, आणि पन्नास-शंभर मिलिलिटरसारख्या थोड्या रंगात, जेवढा एका पॅनलला लागतो, एखाद्या तीव्र टिंटरचे दोन थेंबसुद्धा छटा हलवतात. टिंटरचे डबे रोज ढवळले गेले पाहिजेत हेही यातच आले. तळाशी बसलेल्या रंगद्रव्याने उत्तम सूत्रही खोटे पडते.

आता प्रकाशाविषयी. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला मरून उन्हात नेला की तपकिरी दिसतो, हा अनुभव या धंद्यातल्या प्रत्येकाला आलेला असतो. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनलेले असले तर ते एका प्रकाशात एक दिसतात आणि दुसऱ्या प्रकाशात फुटतात. म्हणून तपासणी दिवसाच्या प्रकाशात, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, सावलीत करावी, आणि नंतर ट्यूबलाइट व पिवळ्या बल्बखाली पुन्हा एकदा पाहून घ्यावी. परदेशी पुस्तकांत उत्तरेकडच्या खिडकीचा प्रकाश घ्यावा असे लिहिलेले असते. ते त्यांच्याकडे बरोबर आहे. बेळगाव मात्र १६ अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि त्या काळात उत्तरेची खिडकी थेट उन्हाची ठरते. अशा वेळी दक्षिणेची सावली घ्यावी. ढगाळ दिवसाचा पसरलेला प्रकाश तर या कामाला उत्तमच. भोवती भडक रंगाची भिंत नसावी, करड्या रंगाचा पडदा असल्यास फार चांगले. लाल रंगाकडे एकटक पाहत राहिल्यास डोळा थकतो आणि हिरवट झाक दिसू लागते, म्हणून पहिल्या काही सेकंदांत जे दिसले ते खरे धरावे आणि नजर दुसरीकडे वळवून मग पुन्हा पाहावे. लाल-हिरव्यातला भेद कमी कळण्याचा दोष पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बराच अधिक आढळतो. जुळणी करणाऱ्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठिपक्यांच्या तक्त्यांवरची तपासणी एकदा करून घेतलेली बरी.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात, आणि खानापूर भागात त्याहून जास्त, हवेत ओल भरलेली असते. नेमक्या याच दिवसांत दसऱ्याची कामे उरकावी लागतात. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग अशा हवेत मारला तर थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले पाणी त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. ती साय म्हणजे रंग चुकला असे समजून त्यात आणखी टिंटर घालणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. हळू उडणारा थिनर वापरावा किंवा हवा कोरडी होण्याची वाट पाहावी. शिवाय टाकीशेजारच्या भागांना एनसी रंग देऊच नये असे माझे मत आहे, कारण पेट्रोल सांडले की तो मऊ पडतो आणि त्याची चकाकी कारखान्याच्या चकाकीच्या जवळ जात नाही. चकाकीतला फरकसुद्धा डोळ्याला रंगातला फरक म्हणूनच दिसतो.

पेट्रोलला टिकणारा, चकाकी धरणारा रंग म्हणजे हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) घालून मारायचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. तो वापरा असे सुचवताना एक गोष्ट अधिक ठासून सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासावाटे गेल्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अल्पशी मात्राही सहन होत नाही. त्या माणसाला हा धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क याला काडीचाही अडथळा करत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे, आणि हवा ओढून बाहेर टाकणारे बंदिस्त स्प्रे बूथ ही याची खरी साधने आहेत. आपल्याकडे अरुंद गल्लीतल्या शेडमध्ये, शेजारच्या घरांची दारे उघडी असताना, शिकाऊ पोरांना बाजूला उभे करून हा रंग मारला जातो. गाडीच्या पॅनलची छटा जुळावी म्हणून कोणाची फुप्फुसे खर्ची पडता कामा नयेत.

घडवलेल्या भागांच्या काही खास गोष्टी आहेत, त्या थोडक्यात नोंदवतो. फायबरच्या भागावर साच्यातले मेण राहिलेले असते, ते धुतल्याशिवाय रंग धरत नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या भागाला आधी पकड वाढवणारा खास प्रायमर लागतो. लांबी (खाचखळगे भरायची पुट्टी) लवकर सुकावी म्हणून तिच्यात हार्डनर जास्त घातला तर त्यातले पेरॉक्साइड पुढे रंगातून वर येते आणि आठवड्याभराने डाग उमटतो. तेव्हा दोष रंगाला दिला जातो. पावडर कोटिंग चेसिस व चाकांसाठी भक्कम असते, पण ते १८० ते २०० अंशांवर भाजतात, म्हणून फायबरला, प्लास्टिकला किंवा लांबी भरलेल्या भागाला चालत नाही. शिवाय त्याचे रंग ठरावीक तक्त्यातले असतात, तेव्हा मेटॅलिक टाकीशी मेळ त्यातून साधेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मोटारीच्या रंगकामात एक सोय असते, ती आपल्याला नाही. मोटारीचे दार रंगवताना कारागीर नवा रंग शेजारच्या पत्र्यावर विरळ करत नेतो, त्यामुळे उरलेला बारीक फरक डोळ्याला सापडत नाही. मोटारसायकलीचे भाग सुटे आणि छोटे असतात, त्यांच्यात विरळ करायला जागाच नसते. म्हणून दोनच प्रामाणिक मार्ग उरतात. एक तर रंग खरोखर जुळवावा; नाही तर शेजारचा भागही बरोबरीने रंगवावा, आणि तसे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. तिसराही मार्ग आहे, आणि मला तो कमीपणाचा वाटत नाही: नवा भाग मुद्दाम वेगळ्या, टाकीला शोभणाऱ्या रंगात करावा किंवा मध्ये रेघ काढावी. रॉयल एनफिल्डच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा मद्रासच्या कारखान्यात हाताने काढल्या जात असत, आणि त्या हाताची किंमत सगळे जाणतात. जवळपास जुळलेला रंग मात्र धड जुळलेलाही नसतो आणि वेगळाही नसतो, तो तेवढा टाळावा.

आता मागण्या. वाहन कंपन्यांनी प्रत्येक दुचाकीवर, सीटखाली किंवा चेसिस क्रमांकाच्या पट्टीजवळ, रंगाचा क्रमांक छापावा, आणि तीन थरांचा रंग असल्यास तळाच्या थराचा क्रमांकही द्यावा. यासाठी त्यांना एक छोटी चिकटपट्टी लागेल. केंद्र सरकारच्या परिवहन खात्याने ते बंधनकारक केले तर उत्तमच. रंग कंपन्यांनी आपली तांत्रिक पत्रके, विशेषतः मिश्रणाचे प्रमाण आणि सुरक्षेच्या सूचना, मराठीत व कन्नडमध्ये छापावीत. आपल्या भागातले रंगारी या दोन भाषा वाचतात, आणि हार्डनरच्या डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे ज्याने वाचायला हवीत त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाहीत.

स्थानिक पातळीवर माझी सूचना अशी की, अनेक कोनांतून मोजणारे रंगमापक यंत्र आणि एक चांगले स्प्रे बूथ उद्यमबागेत सामायिक सोय म्हणून उभे राहावे. एकट्या रंगाऱ्याला लाखांतले ते यंत्र परवडणार नाही, पण फाउंड्रीवाल्यांनी चाचणीच्या सोयी एकत्र येऊन उभ्या करण्याचा मार्ग आपल्याच गावात दाखवलेला आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय तर उद्यमबागेतच आहे. तेथील प्राध्यापकांनी मनावर घेतले तर रंगमापनाचा दोन-तीन दिवसांचा वर्ग आयटीआयच्या मुलांसाठी आणि चालू कारागिरांसाठी घेता येईल. यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर नमुना-पत्र्यांचा सामायिक संग्रह मात्र विनाखर्च सुरू होऊ शकतो. ज्या रंगाऱ्याने एखादी छटा जुळवली त्याने एक पत्री जादा करून, मागे सूत्र लिहून, संग्रहात ठेवावी. दुसऱ्याला ती गाडी आली की त्याने तिथून सुरुवात करावी. सूत्र बाहेर गेले तर धंदा जाईल अशी भीती काहींना वाटते, ती मला समजते. पण गिऱ्हाईक सूत्रासाठी येत नाही, हातासाठी येते. आणि आज न जुळलेल्या रंगाला कंटाळून जे काम थेट कोल्हापूर, पुणे किंवा बेंगळुरूला जाते ते आपल्यापैकी कोणाच्याच पदरात पडत नाही.

गाडीमालकांनाही दोन शब्द. भाग टाकताना टाकी सोबत द्या, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात न येता महिनाभर आधी या, आणि पत्रीचे पैसे वेगळे द्यायला कुरकुर करू नका. पत्री दाखवली जाईल तेव्हा ती स्वतः उन्हात आणि सावलीत, समोरून आणि कडेने पाहा, पसंत असेल तर मागे सही करा. त्यामुळे नंतरचा वाद राहत नाही. रंग पूर्ण बदलून घेणार असाल तर नोंदणी प्रमाणपत्रातही बदल करून घ्या, नाही तर केए २२ असो की एमएच ०९, नाक्यावर अडवल्यावर कागद आणि गाडी जुळत नाहीत.

माझ्या कामशाळेत जमलेल्या पत्र्या मी या संग्रहासाठी द्यायला तयार आहे. त्यांत सपाट रंगांच्या पत्र्या जास्त आणि पर्लच्या कमी आहेत, तेव्हा पर्लमध्ये हात बसलेल्या कारागिरांची गरज अधिक आहे. दसरा झाल्यावर कामाचा जोर ओसरतो आणि हवाही कोरडी होते. त्या सुमारास शहापूर, वडगाव, अनगोळ आणि ऑटोनगर येथील रंगाऱ्यांनी एका रविवारी आपापल्या पत्र्या घेऊन एकत्र यावे, अशी माझी सूचना आहे. ज्यांना ती मान्य असेल त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयात नाव नोंदवावे आणि आपण ती नावे एकत्र ठेवावीत, एवढी विनंती करतो.

आपला नम्र,
मोटारसायकलींचे सुटे भाग घडवणारा एक कारागीर,
उद्यमबाग, बेळगाव